चारशे सतराचा खिळा

२ मार्च

नातीने ही वही आणून दिली. कागद जाड आहे, पण रेघा नाहीत. मी म्हटले, "अगं, ओळी तिरक्या जातील." तर म्हणते कशी, "जाऊ देत की आजोबा. तुमच्या हातून काहीतरी तिरकं गेलेलं एकदा बघू तरी द्या." गिरणीतले आठवेल ते लिहायचे, अशी आज्ञा आहे. ती वाचणार नाही म्हणाली. लहानपणी माझ्या कंपासपेटीला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिने कधी लावला नव्हता, म्हणून विश्वास ठेवतो.

ही नाटके बसवते, पण पडदा, विंगा, खुर्च्या हिला चालत नाहीत. जिथे घडले तिथेच दाखवायचे, असा हट्ट. आता आमच्या बंद गिरणीवर नजर गेली आहे. एप्रिल लागला की गिरणी पाडणार. त्याआधी मालकांनी तिला महिनाभर वापरायला दिली, शेवटी तीन दिवस तीन प्रयोग. आणि त्यात मी आहे! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला भूमिका मिळाली! हजेरीबाबूची. म्हणजे मी जो होतो तोच.

चौतीस वर्षे त्या खिडकीत बसलो. आम्हा कामगारांचे जग भोंग्याने सुरू व्हायचे. तरुणपणी त्यावर चार ओळी केल्या होत्या:

भोंगा वाजे, वस्ती जागे,
दिवा विझे अन् दार उघडते;
हजार पायांमागे मागे
एक सावली हळूच निघते.

आमचे गुरुजी सांगत, मात्रा मोजून भरल्या की कविता कोसळत नाही. ही अजून उभी आहे. नाटकात म्हणणार.

५ मार्च

वीस वर्षांनी आत पाऊल टाकले. तेल, कापूस आणि गंज यांचा तोच वास, फक्त आता गंज जास्त. डोळे भरून आले. नात म्हणाली, "धूळ आहे, रुमाल लावा."

गिरणीला तीन दारे. मोठा लोखंडी दरवाजा कामगारांचा. समोरचे पायऱ्यांचे साहेब लोकांचे. आणि भिंतीतले वाकून जायचे दार आम्हा कारकुनांचे. नाटक असे आहे की येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला एक बिल्ला द्यायचा. लोखंडी मिळाला तर मोठ्या दरवाजाने जायचे, पितळी मिळाला तर पायऱ्यांनी. नवरा-बायको आली तरी ताटातूट! दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांतून वेगवेगळे नाटक बघत फिरणार आणि शेवटी साचाखात्यात, जिथे कापड विणायचे साचे होते तिथे, समोरासमोर येणार.

मी विचारले, "आणि आमचं दार?"

"त्याचं काय?"

"अगं, त्या दाराने कुणीच नाही जाणार?"

"त्या दारातून काय दिसायचं, आजोबा?"

"दोन्हीकडचं दिसायचं."

तिने कानामागची पेन्सिल काढली. "मग तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त दिसलं असणार," म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतले. हुशार पोर आहे.

९ मार्च

आज हजेरीचा फळा उभा केला. सहाशे खिळे, प्रत्येकाखाली आकडा. गिरणी बंद झाली तेव्हा सगळ्यांचे बिल्ले जमा करून पोत्यात भरले होते, ते पोते भांडारात जसेच्या तसे मिळाले. नाटकातली मुले दिवसभर बिल्ले लावत होती. मी खुर्चीत बसून त्यांना रीत सांगितली. कामगार सकाळी खिडकीत बिल्ला देई, मी तो त्याच्या आकड्याच्या खिळ्याला अडकवी. खिळ्याला बिल्ला म्हणजे माणूस आत. रिकामा खिळा म्हणजे गैरहजर. दुसरा भोंगा संपला की फळ्याचे काचेचे दार मी कुलूप लावून बंद करी. किल्ली एकच, माझ्या खिशात. मधल्या सुट्टीत फळा बघून वहीत हजेरी भरायची आणि संध्याकाळी जाताना ज्याचा त्याला बिल्ला परत.

"आणि कुणी उशिरा आला तर?" एका मुलीने विचारले.

"तर अर्धा दिवस गैरहजर."

चार वाजता फळा भरला. एक खिळा सोडून. चारशे सतरा. मुलांनी पोते झटकले, जमीन झाडली, माझ्या खुर्चीखालीसुद्धा बघितले.

"या नंबरचा बिल्ला कुठे गेला, आजोबा?"

"हरवला असेल. जुनी गोष्ट आहे."

नात फळ्यापासून लांब जाऊन उभी राहिली, डोळे बारीक करून बघत. मग म्हणाली, "कुणी शोधू नका आता. पाचशे नव्व्याण्णव भरलेले आणि एक रिकामा. हेच आपलं नाटक आहे."

तब्येत ठीक वाटेना. लवकर घरी आलो.

१० मार्च

विणकरीण आली. नातीने कुठून शोधून काढली कोण जाणे. आमच्या साचाखात्यातली, खिडकीजवळचे चार साचे हिचे. केस पांढरे झाले आहेत, पाठ मात्र अजून ताठ. मला बघून म्हणाली, "काय कविराज, ओळखलंत का?"

कामगार मला प्रेमाने कविराज म्हणायचे. किती दिवसांनी तो शब्द कानावर पडला!

तिचा नवरा चारशे सतरा. तेलवाला होता. साच्यांच्या वर फिरणाऱ्या दांड्यांना चालू गिरणीत तेल घालायचे काम. सेहेचाळीस वर्षांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. वहीत त्या दिवशी त्याची गैरहजेरी होती, म्हणून गिरणीने लिहिले की तो पाळीवर नव्हता, भिंतीवरून चढून पितळ चोरायला शिरला होता. हिला चोराची बायको म्हणू लागले. त्यानंतरही सव्वीस वर्षे ती त्याच साच्यांवर होती.

नातीने सगळ्यांसमोर विचारले, "मावशी, या नाटकातून तुम्हाला काय हवंय?"

"जास्त काही नको. ऑफिसातल्या एका माणसानं या भिंती उभ्या आहेत तोवर इथे उभं राहून म्हणावं, की तो दरवाजातनं आत आला होता. बास. मग खुशाल पाडा."

मी वातावरण हलके करावे म्हणून सहावीतली नदीची कविता म्हणून दाखवली. मुले मोबाइलमध्ये बघत होती, पण ती? शेवटच्या कडव्यापर्यंत माझ्या तोंडावरून नजर हलवली नाही. ओठांकडे एकटक. कवितेची अशी ओढ शिकलेल्यांतही दिसत नाही.

१४ मार्च

नातीला ऑफिसच्या कपाटात हजेरीच्या वह्या सापडल्या. तो दिवसही सापडला. चारशे सतरा, पुढे लाल शाईत: गैरहजर.

"आजोबा, हे तुमचं अक्षर ना?"

"माझंच. बघ, वेलांटी कशी गोल आहे. गुरुजी छडी घेऊन बसायचे."

"म्हणजे तुम्ही लिहिलंत."

"फळ्यावर जे असेल ते लिहायचं, हेच तर काम."

"मग तो आत कसा आला? तुमच्या खिडकीवरून न जाता?"

"भिंतीवरून. तसं रिपोर्टात आहे ना?"

तिने वही मिटली. रागावली असे वाटले नाही, पण मला आवडते तशी हसलीही नाही. नवीन प्रवेश तिने तिथेच ठरवला. पितळी बिल्लेवाल्यांना मी ऑफिसात ही वही वाचून दाखवायची. लोखंडीवाल्यांना विणकरीण साचाखात्यात सांगणार, की त्या सकाळी नवरा तिच्याबरोबर निघाला होता, वाटेत मुलीच्या तापाचे औषध आणायला वळला. मग दोन्ही गट भेटणार आणि एकमेकांना विचारणार, खोटं कोण बोलतंय?

"तुम्हाला चालेल ना, आजोबा?"

न चालायला काय झाले? वहीत आहे ते वहीत आहे.

माझी भोंग्याची कविता तिने नाटकातून काढली.

१५ मार्च

ओळी फार तिरक्या जाताहेत. आज लिहीत नाही.

१८ मार्च

तालमीत नातीने साच्यांचा आवाज लावला. कुठून तरी चालू गिरणीचे ध्वनिमुद्रण मिळवून मोठ्या स्पीकरवर सोडले. जमीन थरथरते, छातीत घण बसतात, शेजारच्याचे ऐकू येत नाही. मी तर कानांवर हात ठेवले. चौतीस वर्षांत साचाखात्यात मी दहा-बारा वेळाच गेलो असेन, तेही निरोप द्यायला.

विणकरीण मात्र त्या आवाजात माहेरी आल्यासारखी उभी होती. तिने मुलांना एक गंमत दाखवली. खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, काहीतरी बोल, मोठ्याने नको. पोरीचे ओठ हलले. आवाज थांबवल्यावर हिने सांगितले, "म्हणाली, भूक लागलीय आणि या बाई चहाला कधी सोडणार." सगळे टाळ्या पिटायला लागले. पोरगी लाजून लाल!

म्हणजे साच्यांवर काम करणाऱ्या सगळ्या बायकांना ओठ वाचता येत. दोन-दोन रांगा पलीकडच्या बाईशी संसाराच्या गोष्टी करायच्या, आवाज चालू असताना. मी खिडकीतून बघायचो तेव्हा वाटे, नुसत्या एकमेकींकडे बघून हसताहेत.

एका मुलाने विचारले, "मावशी, काचेतून पण वाचता येतं?"

"काच काय, आरशातनं पण."

साहेबांची केबिन साचाखात्यातच उंचावर होती, तिन्ही बाजूंनी काच. वरून सगळे साचे दिसावेत म्हणून. हे आत्ता का आठवले, कोण जाणे.

घरी येताना ती बसथांब्यावर माझ्या शेजारी उभी होती. एक गोष्ट मला नेहमी जाणवायची ती आठवली. संध्याकाळी बिल्ला परत देताना ती कधी माझ्या हातातून घेत नसे. मी कठड्यावर ठेवायचा, मग ती उचलायची. बाकी बायका हात पुढे करत. हिची रीत वेगळी, मर्यादशील बाई म्हणून मला आदर वाटायचा. तसे तिला बोलूनही दाखवले.

ती रस्त्याकडे वळली. "मर्यादा," म्हणाली. "बरं झालं सांगितलंत." मग तिची बस आली.

२१ मार्च

लिहायचे नाही असे ठरवले होते. पण ही वही माझी आहे आणि वाचणारे कुणी नाही.

चारशे सतरा हरवलेला नाही. माझ्या कंपासपेटीत आहे, पाठांतराच्या पदकाखाली.

उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस जायचा हे मला बघवत नसे. म्हणून माझी एक रीत होती. दार बंद झाल्यावर दोन-पाच मिनिटांनी कुणी धापा टाकत आले, तर मी त्याचा बिल्ला माझ्या खिशात ठेवायचा, "जा पटकन" म्हणायचे आणि मधल्या सुट्टीत फळा उघडून गुपचूप खिळ्याला लावायचा. मग वहीत हजर. कितीतरी जणांसाठी केले. कुणाला बोलून दाखवले नाही. त्यांनीही नाही. हा आमच्यातला अलिखित करार.

तेलवाला त्या दिवशी चार मिनिटे उशिरा आला. हातात औषधाची बाटली. "बाबू, सांभाळा," म्हणाला. मी बिल्ला खिशात टाकला आणि जा म्हटले. मी त्यावेळी एक कविता जुळवत होतो, तिची दुसरी ओळ अडली होती. तो गेला तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलेही नाही.

पावणेअकराला साचे एकेक करत थांबले. असे कधी व्हायचे नाही. ती शांतता अजून ऐकू येते.

साहेबांनी वर केबिनमध्ये बोलावले. विचारले, "तेलवाला पाळीवर होता का?" मी म्हणालो, "फळ्यावर नाही, साहेब." हे खोटे नव्हते. फळ्यावर नव्हताच. खिशात होता. किल्लीही त्याच खिशात होती. मी म्हटले असते की माझ्याकडे आहे, तर माझी रीत उघडी पडली असती, माझ्यासकट पन्नास जण घरी गेले असते. माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. मी फक्त फळ्यावर काय आहे ते सांगितले. पुढचे त्यांनी ठरवले.

लिहून टाकले. बरे वाटेल असे वाटले होते.

२४ मार्च

नातीला सांगायला तिच्या खोलीत गेलो. ती जमिनीवर नकाशे पसरून बसली होती.

"बोला ना, आजोबा."

"तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून कविता पाठ करायचीस, आठवतं?"

"पंधरा तरी केल्या असतील. एक चुकली की पहिल्यापासून." ती हसली. "मला अजून वाटतं, जगात तुमच्याइतकं नीटस माणूस नाही. म्हणून तर वहीचा प्रवेश तुम्हालाच दिला. दुसरं कुणी वाचलं तर लोकांना लगेच कळेल की ऑफिसवाले खोटारडे. तुम्ही वाचल्यावर लोक घोटाळ्यात पडतात."

चहा करू का, एवढे विचारून मी बाहेर आलो.

दुपारी बिल्ला रुमालात बांधून पुलापर्यंत गेलो. पाण्यात टाकला की मिटले. कठड्याला धरून किती वेळ उभा होतो माहीत नाही. एका भाजीवालीने विचारले, "बाबा, बरं वाटत नाही का?" मग परत आलो. रुमालात गाठ तशीच.

२८ मार्च. पहिला प्रयोग

दोनशे माणसे. पाच वाजता भोंगा झाला. बिल्ला सदऱ्याच्या खिशात घेऊन गेलो होतो, त्याच बाजूच्या.

वही वाचली. "चारशे सतरा, गैरहजर." पितळी बिल्लेवाली मंडळी मान डोलावत होती. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, रेकॉर्ड आहे." मग त्यांची बायको पलीकडून गेली होती हे त्यांच्या लक्षात आले आणि ते ओशाळले.

शेवटी साचाखात्यात दोन्ही गट समोरासमोर. मध्ये फळा. साच्यांचा आवाज पूर्ण सोडलेला. इथे मी फळ्यापाशी उभे राहायचे आणि विणकरणीने येऊन रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवायचे, एवढेच बसवलेले होते. ती आली, बोट ठेवले आणि माझ्याकडे बघितले. ओठांकडे.

आणि मी बोललो! त्या गडगडाटात सगळे सांगितले. तो चार मिनिटे उशिरा आला, बिल्ला माझ्या खिशात होता, साहेबांना मी म्हणालो फळ्यावर नाही. कुणाला काही ऐकू गेले नाही. लोकांना वाटले, म्हातारा काहीतरी पुटपुटतोय, नाटकातलेच असेल. पण तिने वाचले. शब्दन् शब्द वाचला. मग तिचे ओठ हलले. ती खूप वेळ बोलली आणि मला एक अक्षर कळले नाही. चौतीस वर्षे त्या गिरणीत होतो आणि ती भाषा मी शिकलोच नव्हतो.

प्रयोग संपल्यावर ती हजेरीच्या खिडकीशी आली. मी आत, ती बाहेर, जशी रोज असायची.

"कविराज, कळलं का मी काय म्हणाले?"

"नाही."

"मग आता कानानं ऐका. साहेबांनी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, फळ्यावर नाही. मग ते म्हणाले, फळ्याचं सोड, तू त्याला आत सोडलंस का? तेव्हा तुम्ही म्हणालात, नाही. मान पण हलवलीत. मी खाली साच्यापाशी उभी होते. साहेब वरनं सगळ्यांना बघायचे, पण खालनं कुणी वर बघतं हे तुम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

"तुम्हाला सगळं माहीत होतं? मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलले की. दारोदार बोलले. वहीत तुमचं अक्षर आणि माझ्याकडे काय? ओठ?" तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "सव्वीस वर्षं रोज दोनदा या खिडकीवर आले. वाटायचं, आज म्हणेल. तुम्ही मला पाखरांच्या कविता ऐकवायचात."

"आज तर म्हणालो ना."

"आवाजात म्हणालात. तेही अर्धंच. मला नवं काय सांगितलंत? मला माहीतच होतं. साचे बंद असताना म्हणा. लोकांना."

२१ तारखेचे पान परत वाचले. दुसरा प्रश्न मी तिथेही लिहिलेला नाही. मुद्दाम गाळला नव्हता. खरेच आठवला नव्हता, की

२९ मार्च. दुसरा प्रयोग

नाही जमले. वही वाचली, फळ्यापाशी उभा राहिलो, ओठ घट्ट मिटून. तिने बोट ठेवले, बघितले, बोट काढले. टाळ्या कालच्यापेक्षा जास्त पडल्या.

नात म्हणाली, "आजोबा, आज कालच्यासारखं पुटपुटला नाहीत. ते छान होतं. उद्या परत करा." तिला हे अभिनय वाटते.

उद्या शेवटचा प्रयोग.

३० मार्च, सकाळी

चहाच्या वेळी नातीला म्हटले, "आज शेवटी आवाज बंद करशील? दोनच मिनिटं."

"का?"

"मला काहीतरी म्हणायचंय."

"भोंग्याची कविता नाही ना? शपथ घ्या."

"कविता नाही."

तिने कप खाली ठेवून माझ्याकडे बघितले. हल्ली तीही ओठांकडे बघायला शिकली आहे, तालमीत सगळीच पोरे शिकली. "ठीक आहे," म्हणाली. "तुम्ही हात वर केला की बंद करते."

तिने का म्हणून पुन्हा विचारले असते, तर आत्ताच सांगून टाकले असते. विचारले नाही.

३१ मार्च

काल शेवटी हात वर केला. साचे थांबले. तीच शांतता, सेहेचाळीस वर्षांपूर्वीची. कुणीतरी खोकले आणि मग तेही थांबले.

मी खिशातून बिल्ला काढला. खिळ्याला लावताना त्याचा टिकटिक आवाज सगळ्या खात्यात ऐकू गेला. पाठ केलेले एकही वाक्य आठवले नाही. पाठांतराचे पदक असलेला माणूस! जसे आले तसे बोललो. "मी इथला हजेरीबाबू. हा दरवाजातून आत आला होता. बिल्ला त्यानं माझ्या हातात दिला. मी खिशात ठेवला आणि साहेबांनी विचारलं, तू त्याला आत सोडलंस का, तेव्हा मी नाही म्हणालो. तो चोर नव्हता. वहीतलं अक्षर माझं आहे आणि ते खोटं आहे."

एवढेच. दोन मिनिटेही लागली नाहीत.

बोलताना मी विणकरणीकडे बघत होतो. ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी होती. ऐकत होती.

लोखंडी बाजूने एक म्हातारा पुढे आला. मी त्याला ओळखले नाही, तो मला ओळखत असावा. म्हणाला, "माझापण बिल्ला ठेवायचास तू खिशात. किती वेळा." तो आभार मानत होता की थुंकत होता, मला कळले नाही. पितळी बाजूला कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, शेजारच्याने त्याचा हात धरला.

नात स्विचपाशी उभी होती. तिने आवाज परत सुरू केलाच नाही. नाटकाचा शेवट राहून गेला.

माणसे गेल्यावर मी हजेरीच्या खिडकीत जाऊन बसलो. दुसरे कुठे बसावे ते सुचेना. पाळी संपली की बिल्ला परत द्यायचा असतो. विणकरीण खिडकीशी आली. मी चारशे सतरा काढून आणला होता. तो सवयीने कठड्यावर ठेवायला गेलो.

"हातात द्या," ती म्हणाली.

तिने तळहात पुढे केला होता. मी बिल्ला त्यावर ठेवला. तिने मूठ मिटली आणि मोठ्या दरवाजाने निघून गेली. क्षमा वगैरे शब्द ती बोलली नाही, मी मागितलीही नव्हती. मागायची असते हे घरी येताना लक्षात आले.

येताना नात बसमध्ये माझ्यापुढच्या बाकावर बसली. जागा माझ्या शेजारीही होती. उतरल्यावर माझी पिशवी तिने घेतली. जिन्यात एकदाच बोलली, "कंपासपेटीत होता ना तो?"

"हो."

"मी कधीच हात लावला नाही, आजोबा. तुम्ही म्हणालात म्हणून."

आज सकाळपासून ती खोलीतून बाहेर आलेली नाही. मी तिच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. ही वही आता उंबऱ्यावर ठेवतो, पाहिजे तर वाचेल. २१ तारखेच्या पानाखाली जागा उरली होती. तिथे साहेबांचा दुसरा प्रश्न आणि माझे उत्तर लिहून ठेवले आहे. लाल शाई घरात नव्हती. निळ्याने लिहिले.